बाभळीवरची वस्ती

मी फौजेतल्या इंजिनिअर्सचा सॅपर, गाव बारामतीजवळचं कन्हेरी. नीरेला पूर आला तेव्हा आमची कॉलम बारामतीला आली. मुक्काम मंगल कार्यालयात. मुलूख ओळखीचा म्हणून मला बोट टू मिळाली. सोबत नायक हरपाल आणि मोटर चालवणारा बिजू.

दोन दिवस रूटीन चाललं. पहाटे मोटर तपासायची, दोर तपासायचे, पाण्यात शिरायचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांना उचलून आणायचं. एका काकूंना दाराला कुलूप लावायला परत जायचं होतं. घरात छातीएवढं पाणी.

तिसऱ्या दिवशी सकाळी इंदापूरच्या हद्दीतल्या एका नदीकाठच्या गावी गेलो. नाव लिहीत नाही. ते तुमचंही गाव असू शकतं.

सरपंच म्हणाले, "समदं गाव शाळंत हाय. आता कुणीबी न्हाय."

मी खालच्या अंगाच्या बाभुळबनाकडं बोट केलं. "तितं?"

"तितं कुणी ऱ्हात न्हाय."

तो माणूस खोटं बोलत नव्हता, आणि संताप त्याचाच येतो. चोरी झाली की ह्याच गावाला त्या बनातल्या पारधी वस्तीची वाट बरोबर सापडते. पूर आला की तिथं कुणी राहत नाही!

नियमाप्रमाणं आम्ही बनातून दोन फेऱ्या मारल्या. शिट्ट्या वाजवल्या, भोंग्यावरून हाका दिल्या. उत्तर नाही. वायरलेस सेटवर सुभेदार साहेब आले.

"बोट टू, एरिया क्लिअर?"

उत्तर देणार तेवढ्यात जलपर्णी पंख्यात अडकली आणि मोटर बंद पडली. शांतता झाली. डोक्यावर कोंबडी ओरडली.

मी वर बघितलं.

झाडाझाडावर माणसं होती. काट्यांत. बायांनी तान्ही पोरं लुगड्यानं खोडाला बांधलेली, पोरांच्या तोंडावर हात. कुणाच्या पायातून रक्त गळत होतं. त्यांच्या पायाखालून आम्ही दोनदा गेलो होतो, आणि एक हुंकार आला नव्हता. अँबुशमध्ये निश्चल पडून राहायला फौज आम्हाला महिनोन्‌महिने शिकवते. इथं दूधपितं पोर ते शिकून बसलं होतं. वर्दी आणि शिट्टी म्हणजे काय, हे पारध्याच्या पोराला सांगावं लागत नाही. मी आजवर एवढी मोठी शिस्त बघितली नाही. माझा हात आपोआप टोपीकडं गेला.

"साब, पेड़ों पर लोग हैं."

"सरपंच बोल रहे हैं कोई नहीं है."

"साब, मुझे देख रहे हैं."

मग, "जल्दी निकालो. ऊपर डॅम से पानी छोड़ा है."

कुणी उतरेना. मी टोपी आणि शर्ट काढून बोटीत टाकला. "मी कन्हेरीचा हाय. पोलीस न्हाय."

सगळ्यांत खालच्या, कलत्या बाभळीवर एक म्हातारा होता. झुंबर आबा. म्हणाला, "खालचा दरेस तर तसलाच हाय की."

"आबा, पोलिसाला बोट कोण देतंय?"

एक बाई फिसकन हसली. "आन्‌ दिली तर बुडवंल की गं," दुसरी म्हणाली. म्हाताऱ्यानं त्यांच्या बोलीत एक शब्द टाकला आणि पोरं वरून हातोहात खाली आली. गडबड नाही, रडणं नाही.

बोट भरली. "आबा, चला."

"माज्या वरल्या फांदीवर सून हाय. दिस भरल्यात. तिला घ्या. मी हाय हितंच."

सुनेला उतरवताना त्यानं आपला खांदा तिच्या पायाखाली दिला. ती बसली आणि बोट पाण्यात दबली. हरपाल म्हणाला, "बस. और एक नहीं."

आम्ही शाळेकडं सुटलो. परत आलो तेव्हा पाणी चढलं होतं. उरलेली माणसं झाडांवर होती. कलती बाभळ नव्हती. कुणी हाक मारली नव्हती.

सगळ्यांना काढलं. आबा हाती लागले नाहीत.

पूर ओसरल्यावर गावानं आमचा सत्कार ठेवला. फ्लेक्सवर लिहिलं होतं: एकही बळी नाही. पारधी मांडवाबाहेर, कुंपणापाशी उभे. हारतुऱ्यांनंतर सुभेदार साहेबांनी माइक मागितला. भाषण केलं नाही. फक्त म्हणाले, "सेक्शन, सावधान."

आम्ही ताठ उभे राहिलो. टोप्या काढल्या. पुढच्या खुर्च्या गोंधळल्या, मग एकेक उठल्या.

सरपंचांनी हळूच विचारलं, "कुणासाठी?"

आता मी फौजेत नाही. गुडघा गेला. अशा वस्त्यांसाठी सभा घेतो, पत्रकं वाटतो, त्यात लांबलचक वाक्यं लिहितो. त्या दिवशी उत्तर मात्र कुंपणापासून आलं. आबांची म्हातारी होती. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात तिनं नवऱ्याचं नाव घेतलं.

"झुंबर. सुक्याचा ल्योक झुंबर. हितंच ऱ्हात हुता."