कोटांच्या कपाटातले उशीकाका

घरात वाचायला जागा नसणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. वर्ध्याकडच्या आमच्या गावात एका खोलीत आम्ही सात जण राहत होतो. बाप कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल, आई दुसऱ्याच्या वावरात मजुरीला. टेबल ही वस्तू मी पहिल्यांदा शाळेत पाहिली. त्याच्या पलीकडे हेडमास्तर बसत, म्हणून ती मला फार मोठी वाटली. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. हे मी लपवत नाही, कुणी विचारलं नाही तरी सांगतो. नव्वदच्या दशकात बायको-पोरीला घेऊन अमेरिकेत ॲन आर्बरला इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. करायला आलो, तेव्हा विद्यापीठाच्या क्वार्टरमध्ये पहिली वस्तू आणली ती टेबल-खुर्ची. गादी नंतर आली. दोन महिने आम्ही तिघं कार्पेटवर झोपलो, पण टेबल रोज पुसलं.

अशा घरात एके दिवशी एक माणूस काखेत उशी मारून आला.

उशीकाका कुठंही जाताना स्वतःची उशी घेऊन जात. चौकोनी, चपटी, निळ्या पट्ट्यांच्या खोळीची. बसमध्ये उशी, लॅबमध्ये उशी, मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला उशी. बर्फ पडायला लागला की ती भिजू नये म्हणून कोटाच्या आत घालत, त्यामुळं हिवाळ्याचे चार महिने ते लांबून दिवस भरत आलेल्या बाईसारखे दिसत. कुणाच्याही घरी गेले की सोफा असो, खुर्ची असो, ते आपली उशी जमिनीवर टाकून मांडी घालत. "खुर्चीवर बसलं की माणूस अर्जदार होतो," असं त्यांचं म्हणणं. गाइडच्या केबिनमध्येसुद्धा खालीच बसत. पहिली दोन वर्षं गाइड वरून बोलले, तिसऱ्या वर्षी तेही खाली आले. "मान दुखायला लागली बिचाऱ्याची," काका म्हणाले.

ते माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे, सडेफटिंग. सगळ्यांची पोरं त्यांना उशीकाका म्हणत, म्हणून आम्हीही काकाच म्हणायचो. त्यांच्या वडिलांचं मिरजेत गाद्यांचं दुकान होतं. शाळेतून आल्यावर दाभण हातात घेऊन गादीला टाके घालण्यात त्यांचं बालपण गेलं, आणि इथं येऊन संशोधन कशावर, तर फोमवर. दाबलेला फोम परत वर कसा येतो, हे ते नऊ वर्षं शोधत होते. थिसिसचं विचारलं की म्हणत, "फोम दरवेळी वर येतो यार. माझा थिसिसच येत नाही." हसून झालं की उशी थापटत आणि चहा मागत.

आमची मुक्ता तेव्हा सहा वर्षांची, पहिलीत. नोव्हेंबरात तिच्या बाईंनी आम्हा दोघांना शाळेत बोलावलं. बाई फार गोड बोलल्या, म्हणूनच मला भीती वाटली. मुक्ता वाचत नाही, म्हणाल्या. पुस्तक पुढं केलं की मान खाली घालते. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत असंच राहिलं तर तिला आणखी एक वर्ष पहिलीतच ठेवलेलं बरं. तिच्या भल्यासाठी.

बसमधून परत येताना रेखा, म्हणजे माझी बायको, खिडकीबाहेर बघत राहिली. माझ्या डोक्यात एकच घुमत होतं. सात पिढ्यांत पहिला शिकलो मी, आणि माझी पोर पहिलीत नापास होणार. तेही अमेरिकेत! गावी पत्रात काय लिहू? माझ्या बापानं अंगठा उठवला तो मी सही करावी म्हणून.

मी कामाला लागलो. रोज संध्याकाळी सात ते आठ मुक्ता टेबलाशी, खुर्चीवर, ताठ. मी समोर. मोठ्यानं वाचायचं, चुकलं की पहिल्यापासून. लायब्ररीचं कार्ड काढलं. कितीही पुस्तकं न्या म्हणाले, तर माझा विश्वासच बसेना; दोन पिशव्या भरून आणली. तिसऱ्या आठवड्यापर्यंत असं झालं की सातला पाच कमी असताना मुक्ता पोट धरून बसायची. "बाबा, माय टमी हर्ट्स." रेखा ओवा द्यायची. ओव्यानं अभ्यास कसा येणार?

त्याच दिवसांत एका रविवारी काका जेवायला आले. उशी टाकली, बसले, वर बघितलं. फ्रिजवर एकावर एक खाकी गठ्ठे रचलेले.

"इंजिनिअर, या कुठल्या ऑफिसच्या फायली?"

"लायब्ररीची पुस्तकं आहेत काका. मुक्तासाठी."

"मग त्यांना गणवेश का घातलाय?"

मी त्यांना नीट सांगितलं. पुस्तक परक्याचं. डाग पडला, कोपरा दुमडला तर? म्हणून किराणा दुकानातल्या कागदी पिशव्या कापून मी प्रत्येकाला कव्हर घातलं होतं. जूनमध्ये शाळा उघडताना घालतात तसंच, कडा आत दुमडून, वर लेबल, लेबलावर नंबर. पोरीचा पाय लागू नये म्हणून फ्रिजवर. नंबरानं पुस्तक काढायचं, नंबरानं परत ठेवायचं. खरं सांगतो, मला त्या कव्हरांचा अभिमान होता.

काकांनी सगळी खाली उतरवली आणि मुक्तासमोर पसरली. "मुक्ताबाई, यातलं तुमचं आवडतं कुठलं?"

मुक्तानं त्या खाकी ढिगाकडं बघितलं आणि खांदे उडवले. "दे आर ऑल द सेम वन."

रेखा तोंडावर पदर घेऊन हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांनी खिशातून चाकू काढला, एका पुस्तकाची चिकटपट्टी अलगद कापली आणि खाकी कागद सोलला. आत पिवळा धमक रंग आणि छत्री घेतलेलं एक अस्वल. मुक्ता एकदम जवळ सरकली. "देअर इज अ बेअर इन देअर?" जसं काही ते अस्वल तीन आठवडे तिथं कोंडून ठेवलं होतं. ठेवलंच होतं म्हणा. मीच.

त्या दुपारी ते दोघं मक्याची कणसं सोलावीत तशी पुस्तकं सोलत बसले. मी भांडी घासली.

भांडी झाल्यावर काका घरभर फिरून जागा बघायला लागले. बघण्यासारखं काय होतं? एक बेडरूम, एक हॉल आणि दाराशी कोट टांगायचं सरकत्या दारांचं कपाट. त्यात आमचे तीन कोट, दोन रिकाम्या बॅगा आणि तांदळाचं पोतं. काका त्यात वाकून शिरले, आतून आवाज आला, "हेच!"

"काय हेच?"

"हिची वाचायची खोली. पोराच्या वाचायच्या जागेत मोठ्या माणसाला शिरताना ओशाळं वाटलं पाहिजे. मला आत्ता वाटतंय."

आता मात्र मी चिडलो. मी म्हटलं, "काका, चेष्टा पुरे. अंधारात, जमिनीवर, चपलांच्या शेजारी बसून वाचण्यातून वर यायला आम्हाला किती पिढ्या लागल्या, तुम्हाला माहीत नाही. माझी पोरगी खुर्चीवर बसूनच शिकेल."

काका कपाटातून बाहेर आले, उशीवर बसले. आवाज चढवला नाही. "तू कुठं वाचायचास रे लहानपणी?"

"सांगितलं ना, जागाच नव्हती."

"दहावीला जिल्ह्यात पहिला आलास म्हणतोस. कुठंतरी बूड टेकलंच असशील. बूड स्थिर तर बुद्धी स्थिर."

मग मी सांगितलं. रेखालाही हे कधी सांगितलं नव्हतं. बापाच्या जिनिंगमध्ये सरकी काढून झालेली रुई गठाणी बांधायच्या आधी मोकळी पडलेली असे, माणसाच्या उंचीचा ढीग. शाळा सुटली की मुकादमाची नजर चुकवून मी त्यात कमरेपर्यंत रुतून बसे. थंडीत तिथं ऊब. यंत्रांचा आवाज एवढा, की कुणी हाक मारली तरी ऐकू येत नसे. सबंध दहावी मी त्या ढिगात केली. केसांत कापूस घेऊन घरी गेलो की आई म्हणायची, "म्हातारा झाला माझा बाबू."

काका रेखाकडं वळले. "ऐकलंत वहिनी? स्वतः राजासारखा रुईत लोळून शिकला, आणि पोरीला लोखंडी खुर्ची!"

मी उठून कपाटात डोकावलो. मग विचारलं, "आणि कोट कुठं ठेवायचे?"

"कोट तिथंच. वरून लोंबू देत. छप्पर नको का घराला?"

पुढचे दोन शनिवार काका आमच्याकडंच होते. सरकती दारं रुळातून उचलून आमच्या पलंगामागं ठेवली. तांदूळ टेबलाखाली गेला. लॅबमध्ये टाकून दिलेले फोमचे तुकडे त्यांनी पोत्यात भरून सायकलवरून आणले, रेखानं एक जुनी सुती साडी दिली, आणि मिरजेच्या दुकानाचा वारस दाभण घेऊन बसला. मुक्ता मुकादम. "काका, मोअर सॉफ्ट. इथं. नो, इथं!" "जी बाईसाहेब," म्हणत ते टाका घालत. बॅटरीवर चालणारा एक कंदील कोटांच्या दांडीला टांगला. पुस्तकं फळीवर उभी न लावता संत्र्यांच्या खोक्यात चित्रं समोर दिसतील अशी ठेवली, भाजीवाला ताजी भाजी पुढं लावतो तशी. शेवटी काकांनी आपली निळ्या पट्ट्यांची उशी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवली. "ही तुझ्याकडं ठेव म्हणून देतोय. तिला गोष्टी ऐकायची सवय आहे. वाचून नाही दाखवलंस तर चपटी होत जाते."

मला मात्र त्यांनी सक्त ताकीद दिली. सातची शाळा बंद. आत डोकावायचं नाही, 'काय वाचलंस' विचारायचं नाही. "गादी भरली की वर उभं राहून बघतो का कोणी, बसली का, बसली का म्हणून? झोपावं लागतं तिच्यावर. वेळ जातो."

माणसानं एवढं सोसावं तरी किती! पहिला आठवडा मुक्तानं आत बसून नुसती बिस्किटं खाल्ली. दुसऱ्या आठवड्यात बाहुलीचं लग्न लावलं. तिसऱ्या आठवड्यात मला राहवलं नाही आणि मी चप्पल शोधायच्या निमित्तानं वाकलो. कोटाच्या दोन बाह्या बाजूला झाल्या आणि आतून तोंड बाहेर आलं. "बाबा. युअर चप्पल इज ऑन युअर फूट."

काकांना फोन करून तक्रार केली, तर ते एवढे हसले की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. "वर येतं रे," म्हणाले. "जरा दाब काढ."

जानेवारीच्या शेवटी एका संध्याकाळी मी कांदा चिरत होतो, रेखा पोळ्या लाटत होती. बाहेर बर्फ काढणारी गाडी चालली होती. ती पुढं गेली आणि कोटांच्या खालून बारीक आवाज ऐकू आला. एक शब्द. थांबणं. पुन्हा तोच शब्द. मग पुढचा. मुक्ता उशीला वाचून दाखवत होती. अडली की उशीला म्हणायची, "वेट, वेट, आय नो धिस." रेखाच्या हातातलं लाटणं थांबलं. मी पाय उचलला, तर तिनं लाटण्यानंच मला अडवलं. तव्यावरची पोळी करपली, ती मी आवडीनं खाल्ली.

त्या हिवाळ्यात काका उशीशिवाय फिरले. मंडळाच्या कार्यक्रमात खुर्चीवर बसलेले पाहून लोक विचारायला लागले, तब्येत बरी आहे ना. "उशी कामावर गेलीय," ते सांगत. आणि काय झालं कुणास ठाऊक, मार्चमध्ये त्यांचा थिसिस पुरा झाला. नऊ वर्षं थट्टा करणारे आम्ही सगळे टाळ्या वाजवून दमलो. त्यांना ॲरिझोनात, चँडलरला, चिप बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. निघायच्या दिवशी रेखानं दशम्यांचा डबा बांधला. मी काहीतरी मोठं बोलायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. "तिकडं ऊन फार आहे म्हणे," एवढंच म्हणालो. मुक्ता त्यांना निरोप द्यायला बाहेर आलीच नाही. कोटांच्या मागं जाऊन बसली. काका गुडघ्यांवर टेकले, बाहीआड तोंड घालून तिच्याशी काय बोलले ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. उठले तेव्हा उशी आतच राहिली होती, आणि त्यांच्या खांद्यावर माझ्या कोटाचा हॅंगर अडकला होता. तो तसाच घेऊन ते जिना उतरले आणि अर्ध्यातून परत देऊन गेले.

जूनमध्ये शाळेचं प्रगतिपुस्तक आलं. मी ते उभ्यानंच वाचलं आणि चँडलरला फोन लावला.

"काका, पास झाली!"

"ते राहू दे. सध्या काय वाचतेय?"

मला सांगता येईना. पण बाईंनी लिहिलं होतं ते मी त्यांना वाचून दाखवलं: मुक्ता आता वर्गात स्वतःहून हात वर करते. पलीकडून थोडा वेळ नाक ओढल्याचा आवाज आला. तिकडं धूळ फार आहे, असं ते म्हणाले.

मुक्ता दुसरीत गेली. त्या सुट्टीत एका सकाळी ती पुस्तक घेऊन माझ्या मांडीवर येऊन बसली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिनं ते मला वाचून दाखवलं. त्यातल्या एका प्राण्याचं नाव मला ठाऊक नव्हतं, ते तिनं सांगितलं. मी तिला एकही शब्द सांगितला नाही.