पानाशी वैर

निपाणीपासून सदलग्यापर्यंतच्या सगळ्या मुलखात पाहुण्यांना इतक्या प्रेमाने बोलावून इतकं हैराण करणारा यजमान आमच्या दाजींशिवाय दुसरा झाला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या आक्काचे यजमान. धंद्याने तंबाखूचे व्यापारी, मनाने लोणी, आणि स्वभाव असा की शांत माणसानेही कपाळावर हात मारून घ्यावा. दर उन्हाळ्यात वखारीतली घाई सरली की कोगनोळीच्या वाटेवरच्या आपल्या मळ्यात ते सोयऱ्याधायऱ्यांना आंब्याखाली बोलवत. "काय न्हाय, उगं सहज या. हातावर कायतरी खाऊ, वाऱ्याला बसू," असं म्हणत. या 'सहज'ची तयारी पाडव्यापासून चालत असे, आणि 'बसू' ही तर निव्वळ थाप होती, कारण तिथे ते कुणालाच धड बसू देत नसत.

त्यामागचं कारण गावाला ठाऊक होतं. दाजींच्या लेकीच्या लग्नात वरपक्षाची बडदास्त ठेवण्याच्या गडबडीत त्यांच्या थोरल्या भावाचं, सदलग्याच्या आण्णांचं पान दुसऱ्या पंगतीला गेलं. आण्णा वाढल्या पानावरून उठले आणि चारचौघांत बोलून गेले, "आजपास्नं तुझ्या दारात पानावर बसणार न्हाय." त्यांनी शब्द पाळला. बाजारात दाजी समोरून येताना दिसले तरी आण्णा वाट बदलत. आईबाप लवकर गेल्यावर याच आण्णांनी दाजींना लहानाचं मोठं केलं होतं, त्यामुळे दाजींना भावावर रागावता येईना. मग त्यांनी राग पानावर काढला. "भांडान माणसानं न्हाय, पानानं लावलं," हे त्यांचं ठाम मत होतं. ज्याचं सगळं घरदार तंबाखूच्या पानावर उभं, त्याने जेवणाच्या पानाशी वैर धरावं, याला काय म्हणायचं?

तेव्हापासून मळ्यातल्या खाण्याला केळीचं पान नाही, पत्रावळ नाही, द्रोण नाही, ताटवाटी नाही, आणि पंगत तर नाहीच नाही. दोन माणसं शेजारी टेकली तर चालत असे. तिसरा येऊन बसला की दाजी कुठूनतरी धावत येत, "उठा, उठा, पंगत हुतीया." एकदा मी शिकवत होतो त्या शाळेचे हेडमास्तर गुडघे दुखतात म्हणून आंब्याच्या बुंध्याला टेकून बसले होते. त्यांच्या शेजारी मी, आणि माझ्या शेजारी आक्काची एक म्हातारी नणंद येऊन बसली. दाजींनी आले तसे हेडमास्तरांनाच धरून उठवलं आणि बुंध्याच्या पलीकडे नेऊन बसवलं. बिचारे सगळी दुपार विहिरीकडे तोंड करून एकटेच चुरमुरे खात होते. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

खाण्याच्या पदार्थांची परीक्षा हा तर माझ्या जिवावरचा प्रसंग होता. पदार्थ तळहातावर ठेवायचा, विहिरीपर्यंत चालत जायचं, परत यायचं. हात पुसावासा वाटला की पदार्थ बाद. चालायचं अर्थात मी, आणि तेही चैत्राच्या उन्हात. भजी बाद झाली, धपाटी बाद झाली. आंब्याच्या मळ्यात बोलावून आंबासुद्धा बाद झाला, कारण रस मनगटाकडे धावतो. उरलं ते सगळं कोरडं ठणठणीत: चकल्या, फुटाणे, भाजक्या शेंगा, खोबऱ्याचे तुकडे आणि पाकाचे शेंगदाण्याचे लाडू. "लेकीला नवरा बघताना एवढी पारख केली न्हाय ह्यांनी," आक्का तळणीसमोर घाम पुसत म्हणायची.

एवढा खटाटोप करूनही आण्णा येत नसत. एका उन्हाळ्यात दाजींनी माझा पिच्छाच पुरवला. "तू मास्तर हैस, तू जा. आण्णाला नीट समजावून सांग." गेलो सदलग्याला. आण्णा सोप्यात बसले होते. उपरण्याने तोंड पुसत त्यांनी मला वकिलासारखं तपासलं.

"पान मांडणार?"

"न्हाय."

"पत्रावळ? ताट?"

"न्हाय, आण्णा."

"पंगत?"

"तिघांना शेजारी बसू देत न्हाईत."

"मग पावण्यास्नी उपाशी मारतोय व्हय त्यो?"

"हातावर देत्यात. तुमचा शब्द पानाचा हाय. तो मोडत न्हाय."

आण्णांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. मग "बघू" म्हणाले. एवढ्या एका 'बघू'वर दाजींनी दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नाही आणि आक्कालाही लावू दिला नाही.

ठरल्या दिवशी पाहुणे जमले, टोपल्या भरल्या, पण आण्णा आल्याशिवाय दाजी कुणाला शेंगेचं टरफल फोडू देईनात. आम्ही जैन माणसं. दिवस मावळला की तोंडात काही घालायचं नाही. ऊन आंब्यावरून उतरून बांधावर गेलं. मुलं रडकुंडीला आली. मी दाजींना चार शब्द सुनावणार, तेवढ्यात रस्त्यावर छकडा दिसला.

आण्णा उतरले, झाडाखाली येऊन उभे राहिले. दाजींनी त्यांच्या तळहातावर चकली ठेवली. आण्णांनी ती पाहिली आणि परत दिली. "साकु," म्हणाले. सदलग्याकडच्या माणसाच्या तोंडी निम्मी कानडी असते. साकु म्हणजे पुरे. दाजींनी लाडू ठेवला. साकु. खोबरं ठेवलं. साकु. काही न खाताच माणूस पुरे म्हणतोय, हे पाहून दाजींचा चेहरा पडला. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "राग गेला न्हाय रं अजून."

तेव्हा आक्का पुढे आली. "अवो, राग कसला घेऊन बसलाय? आण्णांच्या तोंडात दात कुठं हायत?"

दाजींनी भावाच्या तोंडाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मिशीखाली गाल पार आत गेले होते. "कवा पडलं?" त्यांनी विचारलं.

"पडलं एकेक करून," आण्णा म्हणाले. "समोरासमोर जेवलोय कुठं आपण, तुला दिसायला?"

आक्काने नातवासाठी घरून थोडा दहीभात आणला होता, तो तिने मुकाट्याने पुढे केला. दाजींच्या कायद्याने दहीभात म्हणजे महापाप. आता हे मला तो घेऊन विहिरीपर्यंत चालायला लावतात, या भीतीने मी मागे सरलो. पण दाजी खाली मातीत बसले, आण्णाही बसले. दाजींनी एक गोळा केला आणि भावाच्या तळहातावर ठेवला. आण्णांनी खाल्ला आणि हात पुन्हा पुढे केला. दही कोपरापर्यंत ओघळलं, ते दाजी आपल्या उपरण्याने पुसत होते आणि पुढचा गोळा करत होते. आम्ही सगळे भुकेने कासावीस झालेलो, टोपल्यांवर तुटून पडलो आणि जागा मिळेल तिथे ओळीने बसलो. दाजींचं लक्षही नव्हतं. "मीठ कमी हाय," आण्णा म्हणाले, आणि भांडं निपटेपर्यंत एकदाही साकु म्हणाले नाहीत.

भांडं रिकामं झालं आणि पाठोपाठ दिवस बुडाला. छकडा जुंपताना आण्णांनी विचारलं, "तू काय खाल्लास?"

"खाल्लं की," दाजी म्हणाले.

"एक दाणा खाल्ला न्हाय," आक्का मागून म्हणाली. "सकाळपास्नं उपाशी हैत."

आण्णांनी मावळतीकडे पाहिलं. आता मावळल्यावर दाजींना काहीच देता येत नव्हतं. "उद्या सकाळी सदलग्याला ये," ते म्हणाले. "पान मांडतो. पयल्या पंगतीत."

पानाचं नाव काढताच दाजी काहीतरी विचित्र बोलतील अशी मला धास्ती होती. ते फक्त "व्हय" म्हणाले, आणि पहाटे दूध यायच्या आत घराबाहेर पडले. आक्काला सांगायचंही विसरले, आणि जेवणासाठी कुणी इतक्या पहाटे निघेल हे आमच्या डोक्यात आलं नाही, म्हणून आम्ही त्यांना दुपारपर्यंत सगळीकडे शोधत होतो. असा तो माणूस. आता दोघे भाऊ नाहीत, मळाही दुसऱ्याने घेतला. आंब्याच्या दिवसांत मला दाजींची फार आठवण येते, आणि सुखाने बसू देत नाही म्हणून त्या आठवणीचाही मला राग येतो.