वलंबाच वाकडा हाय!

चूक कबूल करण्यापेक्षा ओळंब्यालाच खोटं पाडणाऱ्या माणसाशी तुम्ही कधी वाद घातलाय का? मी गेली दोन वर्षं घालतोय. कळंबचे माझे थोरले काका म्हणजे तालुक्यातला सर्वांत हेकट माणूस. रसायनीच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर टाक्यांचा गंज घासून रंग लावला. त्यामुळे बिघडलेलं सगळं घासून, रंगवून नीट होतं हा त्यांचा सिद्धांत. उजवा डोळा मिटून, डाव्याने सरळ रेषा पारखायची, ही तिथलीच सवय. गोठ्याची भिंत त्यांनी अशीच पारखली आणि गवंड्याला दोनदा पाडायला लावली. "मधीच पोट आलंय रं तिला!" गवंड्याने दोरीला वजन बांधलेला ओळंबा सोडून भिंत सरळ असल्याचं दाखवलं, तर म्हणाले, "वलंबाच वाकडा हाय!" पुढे त्यांना विजेचे खांबही वाकलेले दिसले. मी चळवळीची पत्रकं वाचून वाढलेला. अन्याय म्हटलं की पेटतो. खांब बदलून मिळावेत म्हणून गावभर सह्या गोळा केल्या. वायरमन येऊन पोट धरून हसला. खांब सरळ होते.

तेव्हा कुठे मी त्यांना ओढत कर्जतला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी उजवा डोळा झाकून चौकटींचा कागद दाखवला. "छपाई बिघडलीय," काका म्हणाले. मग डावा झाकला. चौकटी सरळ!

बाई समजावू लागल्या, "डोळ्याच्या पडद्याला प्राणवायू फार लागतो. वयाने आणि धुराने तोच प्राणवायू पडद्याला खाऊ लागतो, आणि मधल्या पेशी मरतात."

"म्हंजे गंजच की! मंग घासा नि लावा रंग."

"मेलेली पेशी परत येत नाही, काका. आता उजवा जपायचा. आधी विडी बंद."

जिन्याखाली येताच काकांनी विडी पेटवली. मी भर रस्त्यात भाषण ठोकलं. धूर, हट्ट, बेपर्वाई, सगळं काढलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"झालं तुझं? डाव्यानं बघितलं तर तुज्या काकीच्या कानातली फुलं दिसतात रं, तोंडच नाय दिसत. उजव्यानं दिसतं अजून."

अर्धी विडी त्यांनी पायाखाली चिरडली. उरलेलं बंडल मी माझ्या खिशात घातलं.

अजून रोज सकाळी माझ्याकडे विडी मागतात, रोज भांडण होतं. उजवा शाबूत आहे; किती दिवस, ते बाईही सांगत नाहीत.

एवढं करा: आजच घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा एकेक डोळा झाकून खिडकीचे गज बघायला सांगा. वाकडे दिसले, तर वाद घालत बसू नका. लगेच डॉक्टरकडे न्या.