पुड्यांतली कादंबरी

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी वाचनालयात नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होतो. "काका, आई गेली," एवढंच तो बोलला. आणि मी, का कोण जाणे, हातातल्या पुस्तकावर शिक्का मारूनच ते खाली ठेवलं. सुमनवहिनी दोनेक आठवड्यांपासून सावंगीच्या दवाखान्यात होत्या, डॉक्टरांनी आशा सोडलेली होती, तेव्हा बातमी अनपेक्षित नव्हती. पण तीनच दिवसांपूर्वी त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर मी दिलेलं नव्हतं. आज महिना उलटून गेला, त्या प्रश्नातून माझी सुटका नाही...

वहिनी मूळच्या रोहण्याच्या. लग्न होऊन सेलूला, आमच्या किराणा दुकानामागच्या घरात आल्या, तेव्हा मी शाळेत मराठी शिकवायला नुकताच लागलो होतो. पाचसहा वर्षांनी आमच्या आईला अर्धांगवायू झाला आणि ती अंथरुणाला खिळली, ती अकरा वर्षं. आई माझी, पण तिची कूस बदलणं, तिला भरवणं, पुसणं सगळं वहिनींकडे. आई दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणीसुद्धा घेत नसे. वहिनींचं दिवाळीला माहेरी जाणं बंद झालं, मग शेजारी हळदीकुंकवाला जाणंही बंद झालं. दादा दुकानात, मी शाळेत. "वहिनी आहेत म्हणून निभतंय," असं मी चारचौघांत सांगायचो आणि तेवढ्यावर माझं कर्तव्य झालं असं धरून चालायचो.

त्यांनी माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली, पुस्तकं. आठवड्याला दोन. आणि त्यांना लागायच्या रहस्यकथा, प्रेमकथा. डोंगरातले बंगले, मोटारी, हरवलेली मृत्युपत्रं, मुखपृष्ठावर भेदरलेली बाई. ही पुस्तकं माझ्या नावावर घ्यावी लागत. मागच्या पानावरच्या चिठ्ठीत माझा सभासद क्रमांक पडे. ग्रंथपाल चष्म्यावरून बघत विचारायचे, "काय गुरुजी, हे बी वाचून राह्यले का?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी मराठीचा मास्तर, वाचनालयाच्या कार्यकारिणीवरचा, व्याख्यानमालेत आभार मानणारा! शेवटी मी वहिनींना सुधारायचं ठरवलं. घरात घुसमटणाऱ्या एका बाईवरची नावाजलेली कादंबरी त्यांना आणून दिली. चार दिवसांनी त्यांनी ती पदरानं पुसून परत केली.

"चांगली हाये, भाऊजी. पण यातली बाई पयल्या पानावर घरात हाये अन् शेवटच्या पानावर बी घरातच हाये. ते तं मले रोजच दिसते. वाचू कायले?"

मी मनात म्हटलं, समज कमी. खोटं कशाला सांगू, अगदी असंच म्हटलं.

त्याच वर्षी वाचनालयाच्या सभेत मी ठराव मांडला. जागा अपुरी आहे, हलकी पुस्तकं काढून टाकावीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हलकी कोणती हे ठरवायचं कामही माझ्याकडेच आलं आणि मी ते एका दुपारी, मुखपृष्ठं बघून उरकून टाकलं. गठ्ठे रद्दीत निघाले. आता रद्दी घेणार कोण, तर पुड्या बांधायला किराणा दुकानदारच. दादानं सगळे गठ्ठे उचलले! पुस्तकांची शिवण उसवून पानं सुटी करायचं काम आमच्याकडे दुपारचं चालायचं, मागच्या खोलीत, आईच्या खाटेशी बसून. ते करायच्या वहिनी.

त्यांना पुस्तकं ओळखू आली नसतील असं कसं म्हणू? कित्येकांच्या मागे माझ्याच क्रमांकाच्या चिठ्ठ्या होत्या. पण त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. पानं सुटी करता करता वाचत राहिल्या. दुकानातून दादाची हाक आली, की वाचलेली, न वाचलेली, सगळी पानं पुढे जायची. जिरं, मोहरी, बडीशेप बांधून एकेक प्रकरण गावभर वाटलं जायचं. दोघी-तिघी बायका पुडी सोडून ते वाचायच्या आणि दुसऱ्या दिवशी आत येऊन विचारायच्या, "सुमनबाई, याच्या फुडचं पान कोनाकडं गेलं वो?" दादा हा किस्सा पाहुण्यांना रंगवून सांगायचा. मीही हसायचो.

सावंगीच्या त्या शेवटच्या भेटीत वहिनी बऱ्याच शुद्धीवर होत्या. मध्येच म्हणाल्या, "भाऊजी, एक पुस्तक माह्यं अर्धंच राह्यलं. बंगल्यात कोंडलेली बाई होती. मोठ्या मुश्किलीनं तिच्या हाती किल्ली लागली. कुलपाले लावली, अन् पान संपलं. फुडच्या पानात तुमच्या दादानं धने बांधून देल्ले." दम लागला म्हणून थांबल्या... "दार उघडलं असन का हो?"

"उघडलं असेल की," मी म्हणालो. "असल्या पुस्तकांत दार उघडतंच."

"असन काऊन म्हणता? तुमी तं वाचलं असन नं?"

"नाही, वहिनी."

"मंग ते हलकं हाये, हे कसं समजलं तुमाले?"

आवाजात राग नव्हता. टोमणा असता तर मी हसून टोलवला असता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. मी सलाइनच्या बाटलीकडे बघत बसलो. तेवढ्यात नर्सनं भेटीची वेळ संपल्याचं सांगितलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला आज फार लाज वाटते.

तेरावं झाल्यापासून मी ते पुस्तक शोधतो आहे. नाव त्यांनाही आठवत नव्हतं. वर्ध्यात विचारलं, नागपूरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत धूळ खाल्ली. नाही मिळालं. तसली पुस्तकं आता कुठल्याच वाचनालयात सापडत नाहीत, माझ्यासारखे मास्तर गावोगाव होते.

परवा दुपारी दादाकडे गेलो. तो झोपला होता, दुकानात पुतण्या होता. मी मागच्या खोलीत गेलो आणि वहिनी जिथं बसायच्या तिथं, भिंतीला टेकून, खाली बसलो. माझं अर्धं आयुष्य त्या घरात गेलं, पण त्या जागी मी कधी बसलो नव्हतो. तिथून दुकान दिसत नाही, रस्ता दिसत नाही. आईची रिकामी खाट आणि खाटेमागची भिंत तेवढी दिसते. बाहेरच्या गिऱ्हाइकांचे आवाज येतात, चेहरे नाही. मी सोबत माझ्या आवडीचं एक पुस्तक नेलं होतं, जाणकारांनी वाखाणलेलं. चार पानं वाचली आणि मिटून टाकलं. त्या जागी बसून मला ते वाचवेना. मला एखादी अशी गोष्ट हवी होती, जिच्यात शेवटी दार उघडतंच.