पदवीवरची बाई

डब्लिनला, म्हणजे ओहायोतल्या, येऊन पाच वर्षं झाली तेव्हा कुठे वर्क परमिट माझ्या हातात आलं. नागपूरला मी फिजिओथेरपिस्ट होते. इथे मी पॉटलकच्या, म्हणजे घरोघरचे पदार्थ आणून एकत्र जेवायच्या, कार्यक्रमांना भेटणाऱ्यांच्या खांदेदुखीवर फुकट सल्ला देणारी वहिनी होते. लायसन्सच्या आधी पदवीला मान्यता हवी होती, आणि नेमकी त्यासाठीच कोणीतरी वेबसाइट तयार करत होतं. परदेशात शिकलेली माणसं हवी आहेत, दोन तास वेळ काढून या, अशी ईमेल इथल्या मराठी मंडळाच्या यादीवर आली. मी लगेच होकार कळवला.

नवऱ्यानं ईमेल वाचली आणि म्हणाला, "अगं, हे युजर टेस्टिंग आहे. जा, क्लिक कर, ये." तो सॉफ्टवेअरमधला, त्याला जगातलं सगळंच क्लिक करण्यासारखं वाटतं. मी मात्र त्यातला 'टेस्टिंग' एवढाच शब्द ऐकला आणि आठ दिवस अभ्यास केला. क्लोजेटमधून अ‍ॅनाटॉमीचं पुस्तक काढलं, भाजी चिरताना स्नायूंची नावं घोकली. गुणपत्रिका, गॅझेटेड ऑफिसरचा शिक्का मारलेल्या त्यांच्या ट्रू कॉप्या, आईनं हौसेनं लॅमिनेट करून दिलेली पदवी, सगळं फायलीत लावलं.

ठरल्या दिवशी फाइल घेऊन त्यांच्या ऑफिसात गेले. तिथे पंचविशीतली एक मुलगी बसली होती, तीच संशोधक. फाइल तिनं हातातसुद्धा घेतली नाही. हसून म्हणाली, "घाबरू नका. आम्ही तुमची परीक्षा घेत नाही आहोत, वेबसाइटची घेतोय." हे ऐकून लोकांना म्हणे हायसं वाटतं. मला भयंकर राग आला. कोणीतरी माझी परीक्षा घ्यावी म्हणून मी पाच वर्षं थांबले होते.

मग तिनं सांगितलं की मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा. ही सवय मला माहेरी कोणी लावली नव्हती, सासरी तर प्रश्नच नव्हता. मी गप्प बसून क्लिक करत राहिले. ती दर मिनिटाला काय विचार करताय म्हणून विचारायची आणि मी दर वेळी "व्हेरी नाइस" म्हणायचे.

नावाच्या रकान्यापाशी गाडं अडलं. पदवीवर माझं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. आडनाव बदललं असेल तर त्याची सोय त्यांनी केली होती. पण आमच्यात आडनावाबरोबर वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आणि माझं तर स्वतःचं नावसुद्धा सासूबाईंना पसंत नव्हतं म्हणून लग्नात बदललं होतं. पदवीवरची बाई आणि पासपोर्टवरची बाई यांच्यात जन्मतारखेखेरीज काहीच सारखं उरलं नव्हतं. पडद्यावर लाल अक्षरांत उत्तर आलं, ही पदवी दुसऱ्या व्यक्तीची आहे.

"आत्ता काय विचार करताय?" मुलीनं विचारलं.

आता मात्र मी बोलले. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं माझं नवं नाव कसं लिहिलं, सगळ्यांनी पेढे कसे खाल्ले, मीही कसे हसत हसत खाल्ले, ते सांगितलं. लकवा झालेल्या म्हाताऱ्यांना वॉर्डात जिनं पुन्हा चालायला शिकवलं ती बाई त्या ताटातच राहिली, हे पाच वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं, आणि ते एका लाल ओळीनं सांगावं याची मला लाज वाटली. आवाज चढला होता. व्हेरी नाइस एकदाही म्हटलं नाही.

मुलगी भराभरा लिहून घेत होती, चेहरा आनंदानं फुलला होता. हे फार मोलाचं सापडलं, म्हणाली. नावाचे रकाने आता नव्यानं करणार होते. मी विचारलं, आणि माझ्या पदवीचं काय? ती ओशाळली. ही नुसती नमुन्याची साइट आहे, यात भरलेलं कुठेच साठत नाही, म्हणाली. मग मला दारापर्यंत सोडायला आली.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?"

"वेबसाइट नापास झाली."

"आणि तू?"

"माझा पेपरच नव्हता," मी म्हणाले.