चूक कोणाच्या नावावर

सोमवारी सकाळी सव्वासात वाजता मनीषनगरातल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये आमची गाडी समोरच्या भिंतीवर आदळली. गाडी मी चालवत होतो. माझी पत्नी सुनंदा भिंतीपासून दोन पावलांवर फाटक उघडत होती. कोणाला लागले नाही. उजवा दिवा फुटला आणि बंपर आत गेला.

ब्रेकचे पेडल पायाखालून खाली गेले, ती पोकळी अजून तळव्यात आहे. अंधाऱ्या जिन्यात शेवटची पायरी आहे असे समजून पाऊल टाकावे आणि पायरी नसावी, तसे झाले. आवाज नाही, झटका नाही. पाय तळाला टेकला आणि भिंत संथपणे जवळ येत राहिली. हँडब्रेक ओढायचे मला सुचले नाही.

आवाज ऐकून बाबा खाली आले. माझ्या जागेवर बसून त्यांनी पेडल पाच-सहा वेळा दाबले. ते कडक झाले. गाडीत बिघाड नव्हता. आदल्या दिवशी, रविवारी, पुढच्या चाकांचे ब्रेकपॅड त्यांनी बदलले होते. नवे पॅड जाड असतात, ते बसावेत म्हणून आतला पिस्टन मागे ढकलावा लागतो; तो पुन्हा पॅडला टेकावा म्हणून काम झाल्यावर, गाडी हलवण्याआधी, पेडल दाबून दाबून, म्हणजे पंप करून, पुन्हा कडक करायचे असते. हे मला त्यांनीच शिकवले होते. त्या दिवशी ते राहून गेले.

बाबा एकोणऐंशी वर्षांचे आहेत. खापरखेड्याच्या वीज केंद्रात त्यांनी फिटर म्हणून नोकरी केली आणि आयुष्यभर एकच हट्ट बाळगला: आपली गाडी परक्याच्या हाती द्यायची नाही. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये जुनी चादर अंथरायची, नट आवळायचे पाने आकाराप्रमाणे ओळीने मांडायचे, आणि मग ग्रीसच्या त्या जड, गोडसर वासात दुपार होईपर्यंत जगाला विसरायचे, ही त्यांची एकमेव चैन. आई गेल्यापासून त्यांच्या आठवड्यात तेवढाच एक वार उरला आहे. बाकीचे सहा त्याची वाट पाहण्यात जातात.

"बाबा, आता पुरे," सुनंदा त्या सकाळी म्हणाली. "यापुढे गाडी गॅरेजमध्ये जाईन."

"गॅरेजवाल्याच्या हातून चुका होत नाही काय वं?"

"होतात ना. पण त्याच्यासंगं मले भांडता येते. तुमच्यासंगं कशी भांडू?"

बाबा खाली वाकून फुटलेल्या दिव्याच्या काचा गोळा करू लागले.

मेकॅनिकला आपण नेमके कशासाठी पैसे देतो? कौशल्यासाठी, असे म्हणायची पद्धत आहे. माझ्या मते आपण परकेपणासाठी देतो. त्याची चूक त्याच्या दुकानात राहते. आपण तावातावाने बोलतो, पुढच्या वेळी दुसरीकडे जातो, आणि जेवायला बसतो तेव्हा तो माणूस समोरच्या ताटावर नसतो. घरच्या माणसाची चूक मात्र घरातच वावरते. ती सकाळी चहा पिते, पेपर वाचते, औषधाची वेळ विचारते. तिला कोणी काही म्हणत नाही, आणि न म्हणता म्हणता सगळे थकून जातात!

दुपारी गाडी चौकापलीकडच्या गॅरेजमध्ये नेली. बाबा बरोबर आले. मेकॅनिक प्रमोद चाळिशीचा, तोंडाने मोकळा.

"काय भाऊ, भिंत मधात आली काय?"

"पॅड मी बसवले होते," मी म्हणालो. "मोबाइलवर पाहून."

"वा! आता मोबाइल पाहून ऑपरेशन पण करून टाका. डॉक्टर लोकं येतीन मग माह्याकडे पंक्चर काढाले."

वर्तमानपत्राच्या टेबलावर अठ्ठावीस वर्षे मी इतरांच्या बातम्यांतले असत्य खोडत आलो. त्या दुपारी कोणी विचारले नसताना मी एक असत्य सांगितले. ती दया होती, असे मला तेव्हा वाटले. आता तितकी खात्री नाही. ज्याच्या हातून काम काढून घ्यायचे, त्याच्या हातून आधी चूकही काढून घ्यावी लागते. मी बहुधा तेच करत होतो.

"खोटं काहून बोलून राहिला गा?" बाबा मागून म्हणाले. मग प्रमोदकडे वळून, "पॅड म्या बसवले. पेडल पंप कराचं माह्याच्यानं राहून गेलं."

प्रमोदचे हसू गेले. "होते काकाजी. माह्याच्यानंही झालं आहे एकडाव."

"तुही बायको उभी होती काय समोर?"

प्रमोदने नकारार्थी मान हलवली आणि फडके उचलून हात पुसू लागला.

वीज केंद्रातल्या बाबांच्या फिटरांच्या टोळीत एक रीत होती. ती कुठल्या नियमात लिहिलेली नव्हती. काम करताना चूक झाली, की ज्याच्या हातून झाली त्यानेच ती आपल्या अक्षरात पाळीच्या वहीत लिहायची, खाली सही करायची. दुसऱ्याने लिहिलेले चालत नसे. जो लिहीत नसे, त्याला टोळीतले कोणी पुन्हा यंत्राला हात लावू देत नसत. जो लिही, तो दुसऱ्या दिवशी पाना उचलत असे. हे त्यांनी मला गॅरेजच्या बाकावर बसून सांगितले. मी त्यांचा अपराध माझ्या नावावर घेऊन त्यांना टोळीबाहेर काढले होते, हे मला तेव्हा कळले.

त्यांनी प्रमोदकडून गाडीचे कार्ड मागून घेतले. तक्रारीच्या रकान्यात, कापऱ्या पण सुट्या अक्षरांत लिहिले: पॅड बदलल्यावर पेडल पंप केले नाही. खाली पूर्ण नाव, सही.

कार्डाची खालची प्रत त्यांनी घरी जेवणाच्या टेबलावर सुनंदासमोर ठेवली. तिने ती दोनदा वाचली.

"ब्रेक गॅरेजमध्ये," ती म्हणाली. "बाकीचं तुम्ही करा. पण गाडी हलवायच्या आधी मी तपासणार."

"तुले येते काय वं?"

"शिकवा."

गाडी गुरुवारी परत आली. रविवारी बाबांनी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावले. काम अकरा वाजता संपले. नट आवळून झाल्यावर त्यांनी पाना सुनंदाच्या हातात दिला आणि भिंतीजवळच्या खुर्चीवर बसले. तिने चारही चाकांचे सोळा नट एकेक करून तपासले. पंधरा पक्के होते. सोळावा आणखी अर्धा फेरा फिरला.