घारीने तपासलेली फाइल

छापखान्यात त्यांना सगळे घार म्हणत. तोंडावर नव्हे, अर्थात, तोंडावर ‘साहेब’. छत्तीस वर्षं प्रुफं तपासली, आणि त्यांच्या नजरेतून साधं टिंब निसटेल तर शपथ. हॉटेलात गेलं की आधी मेनूकार्डातल्या चुका, मग भूक. बायको होती तोवर कपाळाला हात लावायची. निवृत्तीनंतर तपासायला उरलं काय, तर औषधाच्या खोक्यातला कागद. माणूस अगदी रिकामा झाला होता.

मुलगी प्रोग्रॅमर, घरूनच काम करणारी. एका दवाखान्यातल्या पेशंटना त्यांची वेळ कळवणारा प्रोग्रॅम तिने लिहिला होता, पहिल्यांदाच एकटीने. अकरा वाजता वरिष्ठांना तो स्क्रीनवरून चालवून दाखवायचा होता. चालला तर पुढचं सगळं काम तिच्याकडे, नाहीतर दुसऱ्या कुणाकडे तरी.

आणि साडेनऊपासून प्रोग्रॅम हटून बसला होता.

“सतराव्या ओळीत अनपेक्षित अक्षर म्हणे! अहो, इथे अक्षरच नाही, मोकळी जागा आहे!” ती स्क्रीनवरच ओरडली. ओळ खोडून पुन्हा लिहिली, तर तक्रार एकविसाव्या ओळीवर गेली. तीही लिहिली, तर चोविसाव्या. शेवटी तिने कोड लिहायच्या एडिटरमधली लपलेली चिन्हं दाखवायची सोय चालू केली, आणि पानभर पिवळ्या चौकटी उगवल्या. दिसायला साध्या स्पेस, पण साध्या नसलेल्या. शेकड्यांनी.

“हे मी लिहिलेलंच नाही. की लिहिलं? बाबा, माझं डोकं फिरलंय का हो?”

घार चहा घेऊन दारात उभी होती. लेकीच्या खांद्यावरून त्यांना अवतरणचिन्हं दिसली. उघडतानाची एकीकडे वळलेली, मिटतानाची दुसरीकडे. देखणी. आणि त्यांचीच.

सकाळी ती अंघोळीला गेली तेव्हा फाइल उघडीच होती. सगळी अवतरणचिन्हं खिळ्यासारखी ताठ, कुठे दोन-दोन छोट्या रेघा एकापुढे एक. छापखान्यात असं पान आलं असतं, तर त्यांनी कुणाची तरी खरडपट्टी काढली असती. लेकीचं वरिष्ठांपुढे हसं व्हायला नको, म्हणून त्यांनी सगळा मजकूर उचलून आपल्या ओळखीच्या, पत्रं लिहायच्या प्रोग्रॅममध्ये नेला, तिथे चिन्हं, रेघा, मोकळ्या जागांसकट नीटनेटका करून घेतला आणि होता तिथे आणून ठेवला. कुणाचं कपाट आवरून ठेवावं तसा.

आता गप्प बसता आलं असतं. त्यांच्यावर कुणाचा संशयही नव्हता. पण पोर स्वतःलाच वेडी ठरवत होती, ते त्यांना बघवेना.

“चिमे, ते मी केलं.”

ती गर्रकन वळली. “तुम्ही? कोडमध्ये हात घातलात? बाबा, ते मशीनने वाचायचं असतं, माणसाने नाही! त्याला ती ताठ चिन्हंच लागतात!”

“मला काय ठाऊक?” त्यांनी चहा टेबलावर ठेवला. “शाळेत होतीस तेव्हा मला दाखवल्याशिवाय एकही निबंध द्यायची नाहीस. त्यानंतर वीस वर्षांत काही वाचायला दिलं नाहीस. म्हटलं, एक तरी पान तपासावं तुझं.”

ती स्क्रीनकडे वळून कामाला लागली. जुनी प्रत आठवड्यापूर्वीची, तिचा उपयोग नव्हता. पण दुखणं कळल्यावर इलाज सोपा होता. वळलेली चिन्हं एका दमात सरळ, लांब रेघांच्या जागी दोन-दोन छोट्या, खोट्या स्पेसच्या जागी खऱ्या. प्रोग्रॅम मुकाट्याने चालला. घड्याळात दहा पस्तीस झाले होते.

घार हळूच निघाली होती.

“कुठे चाललात? बसा इथे. मी वरिष्ठांपुढे काय बोलणार आहे ते म्हणून दाखवते. जिथे कळणार नाही तिथे मला अडवायचं.”

ते खुर्चीच्या टोकावर बसले. ती बोलू लागली, आणि दुसऱ्याच वाक्याला त्यांनी हात वर केला.